आबा गेले (रंकाळ्याचे घोडेवाले आबा)

गुळाचा खडा

मंगळवारी पहाटे आबा गेले. पेपरात दोन ओळींची बातमी आली, त्यात 'घोडे व्यावसायिक' असं लिहिलंय. आबांनी वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, "व्यवसाय कसला? मी घोड्यांच्याकडं कामाला हाय."

आज सकाळी पंचगंगेवर रक्षाविसर्जन झालं. सहाशे-सातशे माणूस तरी असेल. टांगेवाल्यांची पोरं होती, ती आता रिक्षा चालवतात. नालबंद मामा होते, हार-फुलंवाले होते, आणि दोन बँडपथकांची सगळी माणसं गणवेश न घालता आली होती. वाजवायचं काही नसलं की बँडवाली माणसं हात कुठं ठेवायचे ते न कळून कशी उभी राहतात, हे आज पहिल्यांदा बघितलं.

बाहेरगावच्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. आबांकडं कायम तीन ते पाच घोडी असायची. संध्याकाळी रंकाळ्यावर पोरांना चक्कर, लगीनसराईत वराती, शिवजयंतीला मिरवणूक, हे पोटापाण्याचं. पण सकाळी सहा ते आठ ते आमच्यासारख्यांना घोडं शिकवायचे. त्याची फी एक गुळाचा खडा, तोही त्यांच्यासाठी नाही, घोड्यासाठी. माझ्या 'गुळाचा खडा' या आयडीचा अर्थ इतक्या वर्षांत इथं कुणी विचारला नव्हता, आज सांगून टाकला.

मी सातवीत होतो. वडिलांनी चक्कर मारायला बसवलं आणि मी पिक्चरमध्ये बघितल्यासारखा लगाम हिसडला. आबांनी चार पावलांवर घोडी थांबवली, मला उतरवलं आणि वडिलांच्या हातात पैसे परत ठेवले. मला म्हणाले, "उद्या सकाळी सहाला ये. चप्पल न्हाई, बूट घालून ये."

त्यानंतर तीन आठवडे घोड्यावर बसायला मिळालं नाही. लीद काढ, पाणी भर, खरारा कर. उन्हाळ्यात एक घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितं, आणि ते बादलीनं आणायला लागलं की हा आकडा दंडाला कळतो. खराऱ्याचं त्यांचं शास्त्र होतं. मानेवर, पुठ्ठ्यावर (मागच्या मांसल भागावर) लोखंडी खरारा गोल फिरवायचा. गुडघ्याखाली आणि तोंडावर तो न्यायचा नाही. "हाडावर नुसतं कातडं हाय तितं लोखंड न्हाई, तळहात." मागून कधी जायचं नाही, कारण घोड्याला बरोबर पाठीमागचं दिसत नाही आणि कपाळासमोरचंही नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत जायचं. काय बोलायचं म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाढे म्हण." आमची पूर्ण बॅच एकोणतीसचा पाढा घोड्याच्या खांद्याशी शिकली.

मग खूर. खांद्यापासून हात खाली घसरवत आणायचा, "पाय दे बाई" म्हणायचं, तिनं दिला की मांडीवर घ्यायचा. तळव्यात त्रिकोणी मऊ गादी असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून टाचेकडून पुढं माती काढत यायचं. आणि शेवटी वास घ्यायचा. खरोखर नाक लावून. कोल्हापूरचा पाऊस, ठाण ओलं राहिलं की त्या खाचा कुजायला लागतात आणि डोळ्याला दिसायच्या आधी त्याचा वास येतो. आमच्यातल्या एकानं नाक न लावताच "चांगला हाय" म्हणून सांगितलं. आबांनी त्याला आठवडाभर फक्त खूर दिले.

पहिल्यांदा पाठीवर बसवलं ते खोगिराशिवाय, नुसतं घोंगडं आणि तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा). दोन्ही गुडघ्यांखाली एकेक आपट्याचं पान. "सोनं सांडायचं न्हाई." दुडकी चालीत पान पडलं की उतरायचं, पान उचलायचं, परत चढायचं. मी पहिल्या दिवशी एकवीस वेळा सोनं सांडलं. (पानं खरी आपट्याची होती. दसऱ्याला बाजारात कांचनाची विकतात ती त्यांना चालायची नाहीत, का ते कधी सांगितलं नाही.)

तुमच्याही आठवणी लिहा. आबांच्या मैना घोडीबद्दल एक कामाचं बोलायचं आहे, ते उद्या.

नाद खुळा

भावा, सकाळी तिथंच होतो, पण बोलता आलं नाही.

पडल्यावरचं आठवतंय का? मी रंकाळ्याच्या काठावर तोंडावर आपटलो, दात हललेला, रक्त. आबा पळत आले ते थेट घोड्याकडं. पाय चाचपले, तोंड बघितलं, तंग बघितला. मग माझ्याकडं. मी म्हटलं, आबा मी पडलोय हिकडं. म्हणाले, "तू रडतोयस म्हंजे बरा हायस. ते रडत न्हाई, त्याला बघायला लागतं."

तो दात अजून तसाच आहे.

लई मोठा माणूस. त्यांचे वडील शाहू महाराजांच्या पागेत होते, हे किती जणांना माहीत आहे?

मोडीवाला

श्रद्धांजली. पण एक दुरुस्ती करतो, राग मानू नये. महाराज ६ मे १९२२ ला वारले. आबा ऐंशीच्या आसपासचे असतील, तर वडील पागेत असणं जरा ओढाताणीचं होतं. महाराजांना घोड्यांचा आणि शिकारीचा नाद दांडगा होता, चित्त्याकडून काळवीट धरायची शिकार कोल्हापुरात चालायची, त्यासाठी जनावरं आणि ती सांभाळणारी माणसं भरपूर होती हे खरंच. त्यामुळं घराण्यातलं कोणीतरी असेल. पण इथं वडील लिहिलं की उद्या तेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं.

गुळाचा खडा

मोडीवाला, बरोबर आहे तुमचं. आजोबा. पागेत मोतद्दार (घोडी सांभाळणारे) होते. वडिलांनी नंतर शूटिंगला घोडी पुरवली, भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत. आबा लहानपणी तिथं दोर धरून उभे असायचे. ते सांगायचे की मावळे झालेल्या निम्म्या लोकांना घोड्यावर बसता यायचं नाही, म्हणून वडील कॅमेऱ्याच्या मागं ओल्या हरभऱ्याचा तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी) हातात घेऊन उभे राहायचे. घोडी तोबऱ्याकडं पळायची आणि पडद्यावर चढाई दिसायची. यातलं किती खरं आणि किती मीठ-मसाला ते आबांनाच माहीत.

जनावरांचा डॉक्टर

मी आबांचा शिष्य नाही, पण घोडं मला त्यांनीच शिकवलं.

कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. गाई-म्हशी भरपूर हाताळलेल्या, घोडी हाताच्या बोटांवर. रात्री दीडला फोन आला, घोडीचं पोट दुखतंय. पोचलो तर आबा तिच्या कुशीला कान लावून उभे. मला म्हणाले, "डॉक्टर, गिरण बंद पडल्या."

मी स्टेथोस्कोप लावला. डावीकडं आतड्याचा आवाज जवळजवळ नाही, उजवीकडं कधीतरी एखादा गुडगुडाट. नाडी सत्तरीत, जी निवांत घोड्याची तीस-चाळीसच्या घरात असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, घोड्याला ओकता येत नाही. जठर शरीराच्या मानानं लहान, आणि पुढं वीस मीटरच्या वर लहान आतडं, त्यानंतर मोठं आतडं वळणं घेत कोंबलेलं. कुठं अडलं तर वरून सुटका नाही. नाकातून नळी घालून गॅस आणि पाणी काढलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, नळीतूनच औषध सोडलं. नळी घालताना माझे हात कापत होते. आबा घोडीशी बोलत होते असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं, ते माझ्याशी बोलत होते. "हळू. गिळू दे तिला. गिळली की ढकल. आत्ता गिळली बघा."

मग चालवणं. ते आणि मी आळीपाळीनं, पहाटेपर्यंत. जमिनीवर पडायला बघायची, उठवायची. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मी आजही मालकांना फोनवर पहिली विचारतो. घोडं मजेनं लोळलं की उठल्यावर अंग झाडतं, धूळ उडवतं. पोट दुखून लोळलं की उठतं आणि तसंच उभं राहतं, नाहीतर वळून कुशीकडं बघतं. "झाडलं का, येवढंच बघा डॉक्टर."

साडेपाचला घोडीनं लीद टाकली. आबांनी ती ओंजळीत उचलली, फोडून बघितली आणि माझ्यासमोर धरून म्हणाले, "घ्या, परसाद." फी देताना शंभराच्या नोटांबरोबर एक गुळाचा खडा होता.

कढीपत्ता

माणूस गेला की सगळेच चांगलं लिहितात, आणि या धाग्यावर हे लिहिताना मला बरं वाटत नाही, तरी लिहिते. वरातीची घोडी हा प्रकार मला कधीच पटलेला नाही. कानाशी डीजे, पायाशी फटाक्यांच्या माळा, डोळ्यांवर लाईट, पाठीवर ऐंशी किलोचा नवरदेव. प्रेम करणारा माणूस आपल्या जनावराला त्यात कसा नेतो? मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद झाल्या तेव्हाही असेच गहिवर आले होते.

नाद खुळा

ताई, वेळ-काळ बघावी माणसानं. दहावा पण झाला नाही अजून.

गुळाचा खडा

नाद खुळा, राहू दे. प्रश्न बरोबर आहे आणि आबांसमोर विचारला असता तर त्यांनी चहा पाजला असता.

एक प्रसंग सांगतो, मी लगाम धरायला बरोबर होतो. राजारामपुरीतली वरात. बोलीत ठरलं होतं, डीजे पन्नास पावलं पुढं राहील आणि माळा लावायच्या नाहीत. चौकात कुणीतरी दहा हजारांची लड पेटवली. मैना थरथरायला लागली, कान मागं, शेपूट आत. आबा नवरदेवाला म्हणाले, "दादा, उतरा." तो म्हणाला पैसे दिलेत. आबांनी कमरेचे काढून पैसे मोजून त्याच्या हातात दिले, सगळे. बाशिंग सावरत नवरा चालत कार्यालयात गेला आणि आम्ही घोडी घेऊन घरी. पुढं महिनाभर त्या भागातली एकही ऑर्डर आली नाही. घरी आक्का त्यांना रोज ऐकवायच्या.

पण हे सांगून मी त्यांना देव करत नाही. तरुणपणी त्यांनी काटेरी लगाम वापरलाय. त्यांनी स्वतः सांगितलं. जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांपासून असा लगाम वापरायला बंदी आहे, पण बाजारात तो मिळतच राहिला. एका घोड्याच्या जिभेला त्यानं खाच पडली होती. तो घोडा कधीच गेला. तो लगाम आबांनी टाकला नव्हता, गोठ्याच्या दारामागं खिळ्याला टांगला होता. नवीन पोरगं आलं की काढायचे, त्याच्या दंडावर दाबायचे, आणि म्हणायचे, "आता हिसडा मारू?" मलाही दाबला होता. म्हणून तर माझा सातवीतला हिसडा त्यांना चार पावलांच्या पुढं सहन झाला नव्हता.

कढीपत्ता

हे माहीत नव्हतं. दारामागच्या लगामाचं वाचून थांबले. वरातीबद्दल माझं मत तेच आहे.

परतीची एसटी

पुण्यातून लिहितोय, येता आलं नाही.

'साहेब' कुणाला आठवतो का? रेसमधून निघालेला, सोळा 'हँड' (एक हँड म्हणजे चार इंच) उंच, चकचकीत कुमैत (तांबूस-तपकिरी). रेसचं घोडं दोन वर्षांचं असताना पळायला लागतं आणि आपल्याकडं ज्या वयात घोडं नीट समजूतदार व्हायला लागतं, त्या वयात त्याचं काम संपलेलं असतं. हा सहाव्या वर्षी आबांकडं आला. कुणीतरी फुकट दिला, कारण त्याला ठेवणं परवडत नव्हतं आणि कापायला द्यायला मन होत नव्हतं.

मी तेव्हा अकरावीत, स्वतःला चाबूकस्वार समजायचो. आबा नाही म्हणत असताना हट्टानं बसलो. मोकळ्या माळावर साहेब सुटला. मी जीव खाऊन लगाम ओढतोय आणि तो आणखी जोरात. मागून आबा ओरडतायत, "सोड! लगाम सोड!" मला वाटलं म्हातारा वेडा झाला. शेवटी हातच गळाले म्हणून सुटला, आणि पन्नास-साठ फुटांत साहेब दुडकीवर आला, मग चालायला लागला, जणू काही झालंच नाही.

नंतर समजावलं. रेसच्या घोड्याला तोंडात लगामाचा भार आला की त्यावर रेलून पळायचं एवढंच शिकवलेलं असतं. "तू म्हणत होतास थांब, त्याला ऐकू येत होतं पळ. चूक कुणाची?" त्यानंतर वर्षभर आबांनी त्याला चालायला शिकवलं. नुसतं चालायला. दोर हातात धरून रोज सकाळी रंकाळ्याची पूर्ण फेरी. लोक हसायचे, घोडं असून माणूस चालतोय.

आणि राहायला कुठं, तर साहेबाचं ठाण काही दिवस रेसकोर्स नाक्याजवळ होतं. तिथं रेस राहिलेली नाही, नाक्याला नाव तेवढं आहे. आबा म्हणायचे, साहेबाला बरोबर पत्त्यावर आणलंय.

बावडेकरीण

मी २०१९ च्या महापुराचं लिहितो. (आम्ही कोल्हापूरच्या पोरी आलो-गेलोच म्हणतो, व्याकरणवाल्यांनी पुढं सरकावं.)

ऑगस्टमधला तो आठवडा सगळ्यांना माहीत आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि पाणी ५५ च्या वर गेलं. आबांचं ठाण दुधाळीच्या बाजूला, सखल भाग. रात्री अकराला त्यांचा फोन, "पोरी, दोर हाय का घरात?" मी आणि माझा भाऊ गेलो तोवर ठाणात मांडीभर पाणी. लाईट नाही. चार घोडी आणि एक शिंगरू.

साहेब पाण्यात पाय टाकेना. ओढला की मागं रेटायचा. आबा म्हणाले, त्याला सोड, मैनाला पुढं घे. मैना धनगराकडून घेतलेली, भीमथडी जातीची, लहानखुरी, मेंढरांच्या मागं बिऱ्हाड लादून नद्या ओलांडलेली. तिला लगाम पण घातला नाही. आबांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि चालायला लागले. ती पाण्याचा वास घेत घेत, एकेक पाऊल चाचपत निघाली. मागं शिंगरू, मागं बाकीची, आणि सगळ्यांत शेवटी आपण एकटं राहतोय हे बघून साहेब. मी बॅटरी धरलो होतो. पाणी माझ्या छातीला लागलं तेव्हा मी ओरडलो, तर आबा न वळता म्हणाले, "शेपूट धर. घट्ट." मैनाची शेपूट धरून मी गल्ली पार केलो. तिनं लाथ मारली नाही.

शिवाजी पेठेत चढावर एक मंगल कार्यालय आहे. मालकानं दार उघडून दिलं, हॉल रिकामा होता. आतल्या फरशीवर भुसा टाकला आणि घोडी आत घेतली. त्यातल्या मैनानं आणि दुसऱ्या घोडीनं त्याच कार्यालयात किती नवरदेव आणले होते कुणास ठाऊक. आबा भिजलेल्या धोतरानं स्टेजच्या पायरीवर बसले, बघत राहिले, आणि हसायलाच लागले. "आयुष्यभर दारापतूर आली. आज आत आली. जेवायला वाढा गं कुणीतरी."

पाच दिवस घोडी तिथंच होती. साहेब स्टेजच्या आरशासमोर उभा राहायचा.

नाद खुळा

मंगळवार पेठेतून कडबा मी आणलोतो त्या पाच दिवसांत, ट्रॅक्टरनं. स्टेजवरची लीद पण मीच काढली. नोंद असू दे.

आणि कावळा नाक्याच्या, रवींद्र मेस्त्रींनी केलेल्या ताराराणीच्या पुतळ्याचं कुणी लिहिलं नाही? त्या पुतळ्याखाली आबा मला एकदा अर्धा तास घेऊन उभे होते. मी शहाणपणा केला, म्हटलं घोड्याचे पाय वर असले की स्वार लढाईत मेलेला असतो. म्हणाले, "मेस्त्रींनी तोल सांभाळायचा का मेल्याचा दाखला द्यायचा? मागचा पाय बघ. सगळं वजन तितं घेतलंय. असं घोडं बघितल्याबिगार करता येत न्हाई."

गुळाचा खडा

आता मैनाबद्दल.

साहेब मागंच गेला, शिंगराचं मोठं घोडं होऊन ते कागलकडं दिलं. बाकीची दोन नातवानं ठेवायची म्हटली तर त्याची शिरोली एमआयडीसीत शिफ्ट असते, पण त्याचा मित्र सांभाळणार आहे. राहिली मैना. वय चोवीस. काम होत नाही. पुढचे दात झिजलेत, आख्खा कडबा चावत नाही, कुट्टी लागते. विकायला काढली तर कोण घेईल आणि कशासाठी, हे इथं लिहायला नको.

भीमथडीला आता देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली. आबांना मी ती बातमी वाचून दाखवली होती, तर मैनाकडं वळून म्हणाले, "बाई, आता आधार कार्ड काढू तुझं." आक्कांनी मला काल एवढंच विचारलं, तिचं काय करायचं. मी उत्तर दिलं नाही.

परतीची एसटी

महिन्याचे पैसे मी देतो, जागेचं कुणीतरी बघा.

कढीपत्ता

मलाही धरा पैशात. नंबर कळवा.

बावडेकरीण

बावड्याला आमचं रान आहे, शेड रिकामी आहे. दोन म्हशी आहेत, सोबत होईल. ऊस आहे, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) भरपूर. पाठवा.

जनावरांचा डॉक्टर

उसाच्या वाड्यावर ठेवू नका, म्हशींच्या हिशेबानं तर अजिबात नको. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं, आणि घोड्याला रोज तेच मिळालं तर हाडं ठिसूळ होतात. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, पाणी शिंपडून. गव्हाचा कोंडा आणि भिजवलेला हरभरा थोडा. दिवसभरात चार-पाच वेळा थोडं थोडं, एकदम नाही. नवीन खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. धनुर्वाताची लस मी येऊन देतो. नाल काढून टाकू, आता तिला डांबरावर चालायचं नाही.

गुळाचा खडा

डांबरावर शेवटचं चालून झालं. काल रात्रीचा वृत्तांत.

टेम्पो बोलावला होता. मैना फळीवर पाय ठेवेना. गूळ दाखवला, कोंडा दाखवला, नालबंद मामांनी मागून दोन्ही हातांची साखळी करून ढकललं. तिनं गूळ खाल्ला आणि जागेवर उभी. टेम्पोवाला भाडं मागून निघून गेला. तास गेल्यावर नातू म्हणाला, काका, आबांनी तिला कधी गाडीत घातलीच नव्हती, सगळीकडं चालतच न्यायचे.

म्हणून अकरानंतर, वाहतूक ओसरल्यावर, चालत निघालो. मी, नातू आणि नाद खुळा, तो पुढं मोबाईलची बॅटरी दाखवत. गंगावेसला दूधकट्ट्यावरच्या म्हशी आणि ती, दोघींनी एकमेकींकडं बघून घेतलं. सीपीआर चौकात पोलिसानं अडवलं, कुणाचं घोडं विचारलं, सांगितल्यावर टोपी काढली आणि पुढं चौकापर्यंत आमच्याबरोबर चालला.

पुढं एका कार्यालयावर लायटिंग होतं. रिसेप्शन संपलेलं, आचारी भांडी घासत होते. मैना फाटकासमोर जाऊन आपोआप थांबली, पाय जुळवून, मान वर करून. ओढली तरी हलेना. नवरदेव उतरायची वाट बघत होती. नाद खुळा म्हणाला, आता काय करायचं? नातवानं तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या, जशा आबा मारायचे, आणि म्हणाला, "उतरले बाई, चल." तशी निघाली.

बावड्याला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. वाटेत अशी ती तीन ठिकाणी थांबली.

बावडेकरीण

नाल निघाले. नालबंद मामांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. खूर मी स्वतः साफ केलो आणि नाक लावून बघितलो, चांगले आहेत.

आज सकाळी नांगरलेल्या वावरात सोडली तर गुडघे मोडून खाली बसली, आडवी झाली आणि चारी पाय वर करून लोळायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांना फोन लावला, म्हटलं लवकर या, मैना लोळतेय.

ते म्हणाले, "उठली का?"

उठली.

"झाडलं का अंग?"

माझ्या तोंडावर, डोळ्यांत, ताज्या चहात सगळी माती. झाडलं, म्हटलं.

"मग फोन ठेवा," म्हणाले.